सोसायटी रिकामी होते तेव्हा खाली काय काय येतं

पुण्यात कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर या पट्ट्यात सध्या दर दोन गल्ल्यांआड एखादी जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली असते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगी. सहकार कायद्याच्या 79अ कलमाखालची रिडेव्हलपमेंटची प्रक्रिया, जनरल बॉडीतली भांडणं, मधेच बिल्डर बदलणं हे वर्षानुवर्षं चालतं आणि मग एकदाचा करार रजिस्टर होतो आणि घरं खाली करायची तारीख येते. त्या तारखेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत जे गेटपाशी येऊन पडतं ना, त्याच्यावर मी गेली काही वर्षं काम करतेय. उचलते, दुरुस्त करते, विकते. कुठून मिळतं, कसं करतेस, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी लोक टाकतात का ते सांगते. तीस-चाळीस वर्षं एकाच घरात राहिलेलं कुटुंब आता दोन-तीन वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणार असतं, नवीन घरात बिल्डर मॉड्युलर किचन देणार असतो, मुलं बंगलोरला नाहीतर अमेरिकेत, घरात आजी-आजोबा दोघंच, आणि माळा तर गच्च भरलेला. मुलगा आठ दिवसांची रजा टाकून येतो आणि त्याला आठ दिवसांत सगळं निपटायचं असतं. मग पितळी डबे, जर्मनची पातेली, तांब्याचा बंब, पाय हलणारं सागवानी स्टूल, पंखे, दोन-तीन पिढ्यांचे मिक्सर, शिलाई मशीन, पाटा-वरवंटा, सगळं खाली. आजी जिन्यात उभी राहून बघत असतात. मी त्यांच्याशी बोलते नेहमी, कारण वस्तूचा सगळा इतिहास त्यांच्याकडे असतो, कधी घेतली, कितीला घेतली, शेवटची कधी चालू होती, आणि हे कळलं की दुरुस्तीचं निम्मं काम झालेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पडलेली वस्तू म्हणजे बेवारस, असं नसतं. दारं, खिडक्या, चौकटी, ग्रिल, बाथरूमचे नळ यांना मी हात लावत नाही कारण ते पाडकामाच्या ठेकेदाराचं असतं, त्याच्या हिशोबात ते मटेरियल धरलेलं असतं आणि त्यावरच त्याने पाडकामाचा दर दिलेला असतो. जिन्यात ठेवलेलं सामानही नाही, ते कदाचित टेम्पोची वाट बघत असेल. गेटजवळ जे टाकायचं म्हणून ठेवलंय तेच, आणि तेसुद्धा वॉचमन काकांना विचारून आणि जमलं तर ज्यांचं आहे त्यांना विचारून. नाही म्हणणारे फार कमी भेटलेत. उलट "अजून वर दोन पंखे आहेत, नेता का" असंच ऐकायला मिळतं.

आणि त्याच्याही आधी हक्क कचरा गोळा करणाऱ्या मावशींचा. पुण्यात कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, तिच्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून या बायका दारोदार कचरा गोळा करतात. घरटी मिळणारी महिन्याची फी आणि सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार विकून येणारे पैसे, यावर त्यांचं घर चालतं. 2016 च्या घनकचरा नियमांतसुद्धा कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं स्पष्ट म्हटलं होतं. म्हणजे मी गेटवरून एक पितळी पातेलं उचललं तर ते कोणाच्या तरी ताटातलं असतं, ही गोष्ट मला सुरुवातीलाच आमच्या भागातल्या मावशींनी तोंडावर सांगितली. "ताई, पितळ दिसलं की तुम्ही नेणार, आन आमाला काय, नुसत्या पिशव्या?" बरोबरच होतं त्यांचं.

तेव्हापासून आमचं ठरलंय. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, पत्रा, तुटकी भांडी, वायर, जे जे किलोवर जातं ते सगळं त्यांचं. एखादं धातूचं भांडं मला पूर्ण वस्तू म्हणून विकण्यासारखं वाटलं तर त्या दिवशीच्या भंगाराच्या भावाने वजन करून मी त्यांना जागेवर रोख देते, आणि विकलं गेल्यावर वर जो फायदा होईल त्यातला तिसरा हिस्सा. पंखा, मिक्सर, खुर्ची यांची खबर त्यांनी दिली असेल तरी तोच तिसरा हिस्सा. आता त्याच मला फोन करतात, अमुक बिल्डिंगीत आज माळे उतरवतायत, चार वाजता या. हे ज्यांना सुरू करायचंय त्यांनी कृपा करून आधी आपल्या भागातल्या मावशींशी बोला, त्यांना डावलून केलेलं हे काम मला बरोबर वाटत नाही, पर्यावरणाच्या कितीही गप्पा मारल्या तरी.

गेटपाशी वस्तू तपासायला मला फार वेळ लागत नाही. पिशवीत हातमोजे, टॉर्च, टेस्टर, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर आणि सुतळी, बस. माझे वडील वायरमन होते त्यामुळे हे हात लहानपणीच बसलेत. लाकडाचं काही असेल तर पहिलं बघायचं ढेकूण आणि भुंगा. सांध्यांत, खिळ्यांच्या भोवती, बैठकीच्या खालच्या बाजूला टॉर्च मारायचा, काळे ठिपके दिसले की ढेकूण, बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला की भुंगा. दोन्हीपैकी काही असलं तर वस्तू कितीही सुंदर असू दे, तिथेच ठेवायची. गाद्या, उशा, हेल्मेट, फुगलेल्या बॅटऱ्या, जुने पिक्चर ट्यूबवाले टीव्ही मी कधीच घेत नाही. टीव्हीच्या त्या काचेत शिसं असतं, तो ई-कचऱ्याच्या संकलनातच गेला पाहिजे. कॉम्प्युटर मिळाला तर हार्ड डिस्क काढून त्या घरच्यांच्या हातात देते, मगच बाकीचं नेते. गोदरेजच्या कपाटांचे लॉकरसुद्धा उघडून बघते. एकदा एका लॉकरच्या मागच्या फटीत एका आजोबांच्या पेन्शनचे कागद आणि पोस्टाची जुनी पासबुकं सापडली, पत्ता होता, नेऊन दिली, त्यांचे हात थरथरत होते कारण ते कागद घरचे दोन महिने शोधत होते.

पंखा हा या सगळ्यातला सगळ्यात भरवशाचा माल. लोक पंखा का टाकतात तर तो हळू फिरतो म्हणून, आणि जुना सीलिंग फॅन हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर उतरलेला असतो. अडीच मायक्रोफॅरडचा एक छोटा डबा, तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रिकच्या मालाच्या बाजारात, चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो. पंखा नुसता गुंगतो आणि हाताने ढकलला की सुरू होतो, तेव्हाही कपॅसिटरच. करकर आवाज येत असेल तर बेअरिंग, तेही बदलता येतं. जळकट वास येत असेल तर मात्र वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, गेलंय, रिवाइंडिंगचा खर्च विकून निघत नाही, तो पंखा तांब्यासाठी मावशींकडे. बदललेला कपॅसिटर लावून पंखा तासभर फुल स्पीडवर चालवते, पाती पुसते, कॅनपीच्या आतलं जाळं काढते, आणि मगच फोटो टाकते. घेणाऱ्याला एक गोष्ट न विसरता सांगते की हा जुना पंखा पंचाहत्तर वॉटच्या आसपास वीज खातो आणि नवीन बीएलडीसी पंखा तीस-पस्तीसमध्ये भागवतो, म्हणजे ज्याच्याकडे दिवसरात्र पंखा चालणार असेल त्याने नवीनच घ्यावा. हे सांगून काही गिऱ्हाईकं जातात, जाऊ देत.

मिक्सरचं तर मला दर वेळी नवल वाटतं. मोटरवर लोड आला की तो बंद पडावा म्हणून त्याच्या तळाला एक छोटं लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. डाळ घट्ट झाली, मिक्सर बंद पडला, कोणी ते बटण दाबलंच नाही, नवीन मिक्सर आला आणि हा गेला माळ्यावर. असे मिक्सर मी गेटवर उलटे करून बटण दाबून वॉचमन काकांच्या केबिनमधल्या प्लगवर लावलेत आणि ते जागच्या जागी सुरू झालेत. एकदा तर ज्यांनी टाकला होता त्या काकूच तिथे उभ्या होत्या, मी त्यांना म्हटलं काकू घ्या परत, चालू आहे, तर त्या म्हणाल्या "अगं सहा वर्षं वर पडून होता तो! नाही गं, ने तू, कोणाला तरी होईल." बाकी मिक्सरमध्ये जाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या. खालचं कपलर झिजतं, कार्बन ब्रश संपतो आणि आत ठिणग्या दिसतात, भांड्याच्या पात्यांखालचं बुश जाऊन खालून पाणी गळतं. तिन्ही पार्ट स्वस्त आहेत. खरा वेळ जातो तो साफ करायला, कारण भांड्याच्या खालच्या खाचेत वर्षानुवर्षांचं वाटण वाळून दगड झालेलं असतं. गरम पाणी, खायचा सोडा आणि जुना टूथब्रश, दुसरा उपाय नाही.

लाकूड ओळखायला थोडा सराव लागतो. वरून तीन वेळा ऑइल पेंट मारलेलं असतं, तपकिरी, मग क्रीम, मग पुन्हा तपकिरी, आणि आत सागवान असतं. मी वस्तू उचलून वजन बघते, मग पायाच्या तळाला जिथे रंग लागलेला नसतो तिथे नखाने खरवडून वास घेते. सागवानाला एक तेलकट, चामड्यासारखा वास असतो, एकदा ओळखीचा झाला की चुकत नाही. रंग खरवडायचा, मग ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरू करून दोनशेवीसपर्यंत यायचं, हे सगळं गच्चीवर तोंडाला मास्क लावून, कारण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि तो धुरळा पोटात जायला नको. भुसा ओल्या फडक्याने गोळा करते, झाडूने उडवत नाही. शेवटी दोन हात उकळलेल्या जवसाच्या तेलाचे. तेलात भिजलेली फडकी दोरीवर मोकळी पसरूनच वाळवायची हं, बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप गरम होऊन पेट घेऊ शकतात. तेल मुरलं की रेषा वर येतात, सोनेरी-तपकिरी, आणि ते बघण्यासाठी मी दिवसभर पेपर घासायला तयार असते. प्लायवूडचं फर्निचर मात्र अजिबात घेऊ नका, शोकेसं, टीव्ही युनिट, सनमायका लावलेली कपाटं. पाण्याने फुगलेला प्लाय दुरुस्त होत नाही आणि कोणी विकतही घेत नाही.

तांब्या-पितळेचं काम मी स्वतः फार करत नाही, त्यासाठी कसबा पेठेतली तांबट आळी आहे. बंब घेऊन गेले होते तेव्हाची गोष्ट सांगते. बंबाला एका बाजूने मोठा पोचा होता आणि नळाचं तोंड सैल झालेलं. आळीत शिरलं की आधी आवाज येतो, ठोकण्याचा, सगळीकडून. तिथल्या काकांनी बंब आडवा केला, पोच्यावरून नुसता तळवा फिरवला, आतून आधार दिला आणि बाहेरून छोट्या हातोडीने कडेपासून मधे येत ठोकायला लागले, पोचा थेट मधे कधीच नाही ठोकला. मी विचारलं तर म्हणाले, मधे मारलं की पत्रा ताणतो आणि मग तिथे कायमचा फुगवटा राहतो, कडेने फिरत आलं की तो आपणहून वर येतो. अर्ध्या तासात तिथे पोचा होता हे सांगूनही कोणाला पटलं नसतं. मग चिंच-मीठ लावून घासला. तो बंब शेवटी मुळशीकडे होम स्टे चालवणाऱ्या एका जोडप्याने नेला, शोपीस म्हणून नाही, लाकडं घालून पाणी तापवायलाच, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

पितळी पातेली विकताना मी एक पथ्य पाळते. आतली कल्हई गेलेली असेल तर ते भांडं स्वयंपाकासाठी म्हणून विकत नाही. आंबट पदार्थ, ताक, चिंचेचं सार असल्या भांड्यात कळकतं आणि ते अंगाला बाधतं. कल्हईवाले आता गल्लीत ओरडत येत नाहीत पण शोधले तर भेटतात. भांडं तापवून नवसागर टाकतात, धूर होतो, मग कथलाची कांडी टेकवतात आणि कापसाच्या बोळ्याने ती चांदीसारखी आतून फिरवतात, मिनिटाभराचं काम पण हात तयार लागतो. कल्हईचा खर्च किमतीत धरूनच विकते, लोक देतात, कारण आईच्या हातच्या आमटीची आठवण काढत हल्ली बरेच जण पितळेकडे परत येतायत.

आता विकण्याबद्दल. माझं गिऱ्हाईक साधारण तीन प्रकारचं आहे. पहिली म्हणजे बाहेरगावाहून आलेली मुलं. सदाशिव पेठ, नवी पेठेत एमपीएससीची तयारी करणारी, कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचं भाडं भरून राहणारी, त्यांना पंखा, टेबल, इंडक्शन, बादली असं हवं असतं आणि बजेट कमी असतं. दुसरे घर नव्याने मांडणारे, आणि तिसरे कॅफे, होम स्टे, इंटिरियरवाले, ज्यांना जुनं दिसणारं काहीतरी हवं असतं. भाव मी गिऱ्हाईक बघून थोडा वेगळा लावते आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. पंखा मुलांना पाचशेला देते. जुनी सागवानी आरामखुर्ची कॅफेवाल्याला देताना मात्र माझ्या घासण्याच्या प्रत्येक दिवसाची मजुरी लावते. सुटं, बारीकसारीक, म्हणजे कड्या, बिजागऱ्या, अडकित्ते, जुनी कुलपं, हे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बसणाऱ्या एका मामांना ठोक देऊन टाकते. बाजार रविवार आणि बुधवार भरतो. मामा घासाघीस करतात पण शब्दाचे पक्के आहेत, आणि कुठली कडी कुठल्या काळातली, बिडाची की पोलादी, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर टाकताना एक फोटो दोषाचा टाकतेच. तडा, ओरखडा, बदललेला पार्ट, सगळं लिहून. यामुळे घरी येऊन तोंड वाकडं करणारे कमी होतात. आणि फसवणुकीबद्दल लिहायलाच हवं कारण माझ्या ओळखीतल्या एका बाईंचे बरेच पैसे गेले. समोरचा म्हणतो मी आर्मीत आहे, वस्तू न बघता घेतो, पैसे आत्ता पाठवतो, तुम्ही फक्त हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन म्हणजे आपल्याच खात्यातून पैसे जाणार. असा मेसेज आला की लगेच ब्लॉक करा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

पैसे किती मिळतात हे सगळ्यांनाच विचारायचं असतं. नोकरी सोडण्याइतके नाही मिळत, मी अजूनही सकाळी एका ऑफिसात अकाउंट्स बघते. रिडेव्हलपमेंटचा सीझन असला की एखाद्या महिन्यात माझ्या भाड्याइतके सुटतात, पावसाळ्यात जवळजवळ काहीच नाही कारण गच्चीवर काम होत नाही आणि भिजलेला माल उचलण्यात अर्थ नसतो. जागा ही मोठी अडचण आहे. घरात वस्तू साठायला लागल्या की घरच्यांचा संयम संपतो, त्यामुळे ठरवलंय की एक विकली गेल्याशिवाय दुसरी मोठी वस्तू आणायची नाही, पंखे सोडून.

गेल्या महिन्यात मावशींच्या फोनवरून गेले तर शिलाई मशीन मिळालं, पायाचं, बिडाच्या स्टँडचं, काळ्या हेडवरची सोनेरी नक्षी अजून शाबूत. चाक फिरतच नव्हतं. आत तेल सुकून डिंकासारखं झालं होतं, बाकी काही नाही. सगळ्या तेल घालायच्या भोकांत थोडं थोडं रॉकेल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी चाक पाव वळसा हललं, मग पुन्हा रॉकेल, पुन्हा हलवणं, दुपारपर्यंत पूर्ण फिरलं. मग कोरडं पुसून मशीनचं तेल, चामड्याचा नवीन पट्टा, सोळा नंबरची सुई, आणि शटलमध्ये अडकलेला पिवळा दोरा चिमट्याने काढला, तो कोणी कधी ओवला होता कोण जाणे. टीप इतकी सरळ आली की मी घरातले सगळे उसवलेले अभ्रे शिवून टाकले.

एका अँटिकवाल्याने त्याच्या स्टँडवर काचेचा टॉप टाकून टेबल करायला म्हणून चांगली किंमत सांगितली होती, हेड नको म्हणाला. नाही दिलं. वारज्याला एक ताई राहतात, ब्लाउज शिवतात, शेजारणीच्या मशीनवर तासाने काम करायच्या. त्यांना हप्त्याने दिलं, अँटिकवाल्याच्या किमतीपेक्षा कमीत. मावशींना विचारूनच, कारण त्यात त्यांचाही हिस्सा होता, तर त्या म्हणाल्या "द्या की, चालतंय." मावशींचा हिस्सा पहिल्या हप्त्यातूनच चुकता केला. ताईंचे दोन हप्ते आलेत, तिसरा दिवाळीच्या ब्लाउजांचे पैसे आले की देते म्हणाल्यात.